नर्सबाईच्या फोनातलं गाणं

"अवो, पाय धरा त्याचे! काटा थांबू द्या न!" अल्का ओरडत होती आणि वजनकाट्याच्या झोळीत लटकलेलं पोर तिच्याहून मोठ्यानं ओरडत होतं. तिकडे टेबलावर मोबाइल टुणटुण करत होता. एकदा झालं, दोनदा झालं, मग तो थांबेचना. पोर आईच्या कडेवर गेलं, वजन लिहून झालं, तेव्हा कुठे अल्कानं फोन हातात घेतला. वाचता वाचता तिचे कान तापले.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'आरोग्य परिवार'. सुपरवायझर गुलाबचंद साहेब हे त्या परिवाराचे कर्ते पुरुष. सकाळी फूल, दुपारी परिपत्रक, संध्याकाळी सुविचार, असा त्यांचा रतीब. आज सुविचार दुपारीच येऊन धडकला होता. "ज्याची जशी कॉलर ट्यून, तसा त्याचा दर्जा." खाली उदाहरणही दिलं होतं. "आपल्या एका सिस्टरला फोन लावला की 'शिंप्या रे शिंप्या, माप नीट घे' ऐकावं लागतं. शासकीय कर्मचाऱ्याला हे शोभतं का?"

नाव लिहिलं नव्हतं. लिहायची गरजही नव्हती.

झालं! हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं लिहिलं, 'माप कशाचं, ते पण विचारा.' एका सिस्टरनं लिहिलं, पसंती ज्याची त्याची. त्यावर दुसरीनं लिहिलं, घरात ऐका ना, पब्लिकला कशाला ऐकवता. कोणी म्हणालं, देशभक्तीपर लावा. कोणी म्हणालं, साहेब, तुमच्या फोनावरची गझल ऐकून तर पेशंटच दगावायचा. मग गझल मोठी की लोकगीत, लोकगीत कशाला म्हणायचं आणि चावट कशाला, यावर अशी जुंपली, की लसीकरणाचा आकडा कोणी पाठवलाच नाही. अल्कानं 'सर, लोकायले आवडते' असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, आणि लाज का वाटावी याचाच पुन्हा राग येत होता.

गाणं तिच्याकडे आलं त्याची गंमत आहे. देवरीपासून आत, जंगलाला लागून डोंगरटोला नावाचं गाव. तिथल्या उपकेंद्रावर ती नवीन होती. २००९ सालची गोष्ट. बोअरवेलचा पंप बिघडला म्हणून तिनं उदाराम मिस्त्रीला फोन लावला, तर कानात ढोलकी वाजली आणि एक बाई खणखणीत आवाजात शिंप्याला माप नीट घ्यायला बजावू लागली. झाडीपट्टीतल्या नाटकमंडळीत गाणारी कुणी बाई असावी. आवाजात असा ठसका, की अल्का पंप विसरली. मधेच एक गोड आवाज म्हणाला, हे गाणं हवं असल्यास स्टार दाबा. अल्कानं दाबला.

आता गाणं आपल्या फोनात येणार म्हणून ती वाट बघत बसली. दिवसभर फोन उलटसुलट करून पाहिला. पैसे तर कापले गेल्याचा मेसेज आला, गाणं काही दिसेना. शेवटी सुट्टीत फुलचूरला घरी गेल्यावर तिनं रचनाला, आपल्या शाळकरी मुलीला विचारलं. रचना पोट धरून हसली.

"आई, ते तुले नाही आयकू येत! जो तुले फोन लावते न, त्याले येते."

"म्हणजे पैसे माहे, अन् गाणं लोकायचं?"

"हो न."

"अवो बाप्पा!" अल्का म्हणाली आणि तीही हसत सुटली. बंद करायचं राहून गेलं ते राहूनच गेलं.

पुढे ते गाणं आसपासच्या सगळ्या टोल्यांवर, वाड्यावस्त्यांवर पसरलं. गावात मोबाइल नुकते आले होते. ज्यांना नंबर वाचता येत नव्हते, त्यांच्या फोनात अल्कानं स्वतः आपला नंबर दोनच्या बटणावर बसवून दिला. दोन दाबून धरायचं आणि शिंपी वाजला की समजायचं, नर्सबाई लागली. कुणाची कळ असो, कुणाचा ताप असो, गाणं वाजलं की अंगणातल्या बाया म्हणायच्या, "लागला, लागला! आता येते बाई." बायका फोन स्पीकरवर टाकून ऐकायच्या. पोरं शिंप्यावाली बाई आली म्हणून सायकलीमागे पळायची.

मनकर्णाबाईचं तर विचारूच नका. डोंगरटोल्यातल्या चुन्नीलालची म्हातारी आई, तळ्याच्या पाळीजवळचं घर. जेवणं आटोपून दुपारी तिला गाणं ऐकायची हुक्की यायची. अल्कानं फोन उचलला, की म्हातारी करवादायची.

"थोडं उशिरा उचलत जा न वो बाई! तो शिंपी माप घेते न घेते, तं तुमी हॅलो म्हनता."

"अवो, पण मले काय मालूम कोणाले काय झालं! उचला तं लागते."

"मले काय होते? मी धडधाकट हाव. वाजू द्या."

मग अल्काही दुपारी तिचा नंबर दिसला की चहाचा कप हातात घेऊन फोन वाजू द्यायची. म्हातारी गाणं आपोआप तुटेपर्यंत ऐकायची आणि एक अक्षर न बोलता ठेवून द्यायची. असल्या आनंदाला काय दर्जा लावायचा, ते गुलाबचंद साहेबांनाच ठाऊक.

साहेबांच्या त्या सुविचारानं अल्का हलली नसती. ती चिवट होती. पण त्या दिवाळीला रचना कॉलेजच्या सुट्टीत घरी आली असताना, नखं कुरतडत, हळूच म्हणाली, "आई, बदलून टाक न ते गाणं. माझ्या मैत्रिणी तुले फोन लावतात न कधी, तर मग हॉस्टेलात माझ्यासमोर ते म्हणून दाखवतात. लय हसतात."

हे मात्र लागलं. साहेब हसला तर हसला, पोरीला खाली पाहायला लागावं? अल्कानं मुकाट्यानं फोन तिच्या हातात दिला. रचनानं बटणं दाबली आणि बासरी लावून दिली. नुसती बासरी. कुणाला नावं ठेवायला जागाच नाही.

आठवडाभरानं अल्का शेजारच्या टोल्यावर लसी टोचत होती. अंगणवाडीत पोरांचा नुसता कालवा. पिशवीत फोन अर्धा वाजला आणि थांबला. पुन्हा अर्धा वाजला, थांबला. हातात सुई, मांडीवर दुसऱ्याचं पोर. मोकळी झाल्यावर पाहिलं तर मनकर्णाबाईचे मिसकॉल. म्हातारीला गाणं ऐकायची हुक्की आली असेल असं वाटून ती हसणार होती, पण गाणं तर आता नव्हतंच. तिनं उलट फोन लावला. कोणी उचलेना. आणि एकदम तिला आठवलं. चुन्नीलालच्या बायकोचे दिवस भरत आले होते.

सायकल दामटत ती पोचली तेव्हा दाराला कडी होती, आणि पुन्हा फोन लावला तर मोबाइल आतच वाजत होता. शेजारीण म्हणाली, "त्यायले तं टॅक्टरवर टाकून देवरीले नेलं न! तुमचा फोनच नाही लागला म्हने."

देवरीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत अल्कानं मनातल्या मनात काय काय पाहिलं, ते सांगायला नको. पोरगी वाटेतच ट्रॉलीत झाली होती. बाळंतिणीचं रक्त बरंच गेलं होतं, पण डॉक्टरांनी सावरलं होतं. दोघी सुखरूप होत्या. व्हरांड्यात मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसली होती. अल्काला पाहताच ती उठून उभी राहिली.

"बाई? तुमी इथंच हाव?"

"इथंच तं आहो! फोन काऊन कापला तुमी? वाजू द्यायचा न!"

"कसा वाजू देऊ? तिकडं कोनी बासरी वाजवून राहिला होता! मी म्हटलं, भलतीकडंच लागला. डबल लावला, तं तेच. मंग म्हटलं, बाईची बदली झाली. तिचा नंबर कोनाले तरी देऊन देला." म्हातारीचा आवाज फुटला. "रागच आला मले. इतक्या वर्साची बाई, अन् सांगून बी नाही गेली."

अल्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नुसती रागावली असती तर परवडलं असतं. पण सुनेच्या जिवावर बेतलं असताना ही बाई आपल्याला गेलेली समजून रडली होती, हे तिला सोसवेना. शहाण्या माणसांनी नावं ठेवली म्हणून आपण आपलीच ओळख पुसून बसलो, असं तिला झालं.

घरी येताच तिनं कंपनीला फोन लावला. तिकडची पोरगी हिंदीत साखर पेरून बोलत होती.

"मॅडम, ये गाना अब हमारी लिस्ट में नहीं है."

"अरे, ऐसा कैसा नहीं है? इतने साल पैसा दिया मैंने. मेरा गाना है वो."

"गाना आपका नहीं था, मॅडम. आप सिर्फ़ सर्विस ले रही थीं. कोई दूसरा गाना लगा दूँ?"

"दूसरे का क्या करूँ मैं?" अल्का म्हणाली आणि फोन ठेवला.

रचनानं नेटवर शोध शोध शोधलं. तिला फार वाईट वाटत होतं. ती नाटकमंडळी मोडली होती, कॅसेट काढणारा धंदा गुंडाळून कुठे गेला ते कोणाला माहीत नव्हतं. उदाराम मिस्त्रीच्या फोनातूनही गाणं कधीच गेलं होतं. शेवटी अल्कानं लाजलज्जा गुंडाळून 'आरोग्य परिवार'वर लिहिलं, कोणाकडे ते शिंप्याचं गाणं असेल तर कृपया पाठवावं. मग गुलाबचंद साहेबांचाच मेसेज आला. "गाणं नाही सिस्टर, पण शब्द आठवतात." आणि खाली त्यांनी पहिल्या दोन ओळी लिहिल्या होत्या, काना-मात्रेसकट बरोबर. अल्काला त्या वेळीही हसू आलं. पण ओळींनी काय होतं? आवाज गेला होता.

बारशाचं बोलावणं आलं. जावं की न जावं, करत करत ती गेली. अंगणात पाळणा, बायांची दाटी, भिजवलेल्या चण्याचा वास. बाळंतीण भिंतीला टेकून हसत होती. नाव ठेवून झालं, आणि पाळण्याची दोरी मनकर्णाबाईच्या हातात आली. तिनं घसा खाकरला.

"शिंप्या रे शिंप्या, माप नीट घे..."

बायांनी उचललं. म्हाताऱ्यांनी, सुनांनी, परकर नेसलेल्या पोरींनी. कोणी ढोलकीसाठी परात घेतली. गाण्यात हिरव्या चोळीला लाल काठ आले, बाजाराचा दिवस आला. अल्का डोळे मोठे करून ऐकत राहिली. आपलं म्हणून इतकी वर्षं पैसे भरलेलं गाणं ती पोटभर असं पहिल्यांदाच ऐकत होती.

"आली नाही बाजाराले, तं तू..."

आणि सगळ्या बाया एकदम थांबल्या. अर्ध्या ओळीवर, एका सुरात, कापल्यासारख्या. परातही थांबली.

"पुढं?" अल्कानं विचारलं.

"पुढं कुठं हाय?" मनकर्णाबाई म्हणाली. "आमाले फोनात इतकंच भेटलं. याच्यापुढं तुमीच बोलत होत्या न."

सगळ्या तिच्याकडे पाहत होत्या. पाळणा हलायचा थांबला होता, त्यामुळे आतली पोरगी कुरकुरायला लागली होती. अल्कानं पदर तोंडाला लावला, मग काढला.

"हॅलो," ती म्हणाली. "बोला. मी अल्का नर्स बोलून राहिली."