दोन तबकड्यांची फीत

मित्रांनो, मी एक जुनी ध्वनिफीत आहे. दोन इंच रुंद, तपकिरी, जड रिळावर गुंडाळलेली. आम्ही सहा बहिणी. १९७२ साली शेफील्डमधल्या एका बंद पडलेल्या प्रार्थनाघरात आमच्यावर अठरा रॉक गाणी उमटली.

नऊ गाणी गिटारवाल्या नेव्हिलची, नऊ बास गिटारवाल्या क्लाइव्हची. ड्रमवर डोरीन. नेव्हिल आणि क्लाइव्हचं इतकं बिनसलं होतं की महिनाभर ते डोरीनमार्फतच बोलत.

एके दिवशी रेकॉर्ड कंपनीचे प्राउससाहेब आले. "एकच तबकडी निघेल. निम्मी गाणी गाळा," म्हणाले आणि गेले.

गाळलेली फीत पुसून पुन्हा वापरतात!

डोरीन वैतागली. "मी काय तुमची पोस्टमन आहे? कोणती गाणी नकोत, ते दोघंही लिहून द्या."

दुसऱ्या दिवशी तिने कागद उघडले आणि कपाळावर हात मारला. दोघांनीही नकोत म्हणून आपापलीच गाणी लिहिली होती!

"गाढवांनो, मग उरलं काय?"

"त्याच्या चाली माझ्याहून सरस आहेत," नेव्हिल पुटपुटला. "पण त्याला सांगू नकोस."

"अरे, तो तुझ्या मागेच उभा आहे!"

क्लाइव्हने चहाचा दुसरा कप भरून नेव्हिलपुढे सरकवला.

डोरीनने ते कागद साहेबांपुढे ठेवले. त्यांनी अठराही गाणी बसून ऐकली आणि दोन तबकड्या काढायला होकार दिला. समीक्षकांनी आधी 'लांबड' म्हणून नाकं मुरडली. पण पोलाद कारखान्यातल्या पोरांनी तो अल्बम झिजेपर्यंत वाजवला. त्यावरून कित्येकजण वाजवायला शिकले.

पुढे स्टुडिओ बंद झाला. क्लाइव्हच्या गॅरेजमध्ये, गवत कापायच्या यंत्राशेजारी, मी तीस वर्षं ओल खात पडून होते. माझे पदर एकमेकांना चिकटले. शेवटी त्याची मुलगी हेझल मला एका जाणकार बाईंकडे घेऊन गेली. "घाई केली तर आवाज सोलून निघेल," बाई म्हणाल्या. त्यांनी मला मंद उबेत तासन्‌तास शेकलं.

मग मला यंत्रावर चढवलं. दोन्ही म्हातारे ऐकायला बसले होते. डोरीनला जाऊन वर्ष झालं होतं. तबकडीवर कधीच न गेलेला तिचा आवाज गाण्याआधी खणखणीत आला, "नेव्हिल, माझ्या ड्रमवरचा पाय काढ! हं, एक, दोन, तीन..."

नेव्हिलने चटकन पाय मागे घेतला. दोघं हसत सुटले, डोळे पुसत पुन्हा हसले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखाद्या खोक्यात कुणाचा तरी आवाज पडून असेल. त्याला ओल लागू देऊ नका. आणि जपून नुसतं ठेवू नका. अधूनमधून लावत जा.