हसू कापलेली गोष्ट

चौथीच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘चकाचक बाई’ म्हणत, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. टेबलावर धुळीचा कण नाही, फळ्यावर कालची रेघ नाही, आणि वहीत खाडाखोड दिसली की कपाळावर आठी पडलीच. अशा बाईंनी यंदा सुट्टीत रेकॉर्ड केलेला आवाज कापायचा-जोडायचा कसा ते शिकून घेतलं, मग तर विचारायलाच नको.

बेत असा होता, की प्रत्येकाने घरातली एक फजिती सांगायची, बाईंनी ती रेकॉर्ड करायची आणि इंटरनेटवर शाळेच्या पानावर टाकायची. “इतके दिवस तुमचं सगळं मीच एकटी वाचत आले,” बाई म्हणाल्या. “आता सगळं जग ऐकेल.”

जगाचं मुलांना फारसं कौतुक नव्हतं. मागच्या बाकावरच्या चिमणीने मात्र हात वर केला. “बाई, जहाजावर ऐकू येईल?”

चिमणीची आई मालवाहू जहाजावर स्वयंपाक करायची. वर्षातले बरेच महिने ती पाण्यावर आणि चिमणी मावशीकडे. आईचा फोन आला की ही पोरगी तोंडाला कुलूप लावून बसे. मावशी फोन तिच्या कानाशी धरी, पलीकडून आई “बोल ना गं, राणी” म्हणत राही, पण ही हूं की चूं करत नसे. रुसवा म्हणावा तर तोही कोणाला नीट कळत नव्हता. मावशीने एकदा हे बाईंना सांगितलं होतं. म्हणून चिमणी आपणहून आईला काही ऐकवायचं म्हणतेय म्हटल्यावर बाईंना कोण आनंद झाला.

गोष्ट झकास होती. चिमणी अगदी लहान असताना तिने आईला गॅलरीत कोंडलं होतं. आई काचेबाहेरून मनगट फिरवून दाखवतेय, ‘खटका असा फिरव, असा!’ आणि ही आतून आईकडे बघत तस्संच मनगट फिरवत नाचतेय. आई जितकी कळवळून फिरवी तितका हिचा नाच रंगात येई. शेवटी नाचून दमल्यावर चिमणीनेच खटका उघडला.

सांगताना पंचाईत अशी, की नाच यायच्या आधीच चिमणीला हसू फुटायचं. मग “थांबा, थांबा,” मग नाक ओढणं, मग पुन्हा फिस्स! बाईंनी घरी बसून ते सगळं निगुतीने कापलं. गोष्ट इस्त्री केल्यासारखी सरळ झाली. ती पानावर चढवली आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. झाडल्यावर केर कोण जपून ठेवतं?

चार दिवसांनी मावशी शाळेच्या दारात भेटली. “ऐकलं हो तिच्या आईने. छान आहे म्हणाली. पण बाई, सारखी विचारत होती, ही आपलीच आहे ना नक्की?”

चिमणी मावशीच्या मागे उभी होती. “आईला वाटलं दुसरीच कोणीतरी आहे,” ती बुटांकडे बघत म्हणाली.

बाईंना स्वतःचा असा राग आला की विचारू नका. एका लेकराने मोठ्या हिमतीने आईकडे पाठवलेलं हसू आपण केर समजून फेकून दिलं!

त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी चिमणीला थांबवून घेतलं आणि रेकॉर्डिंग चालू केलं. चिमणीने गोष्ट घडाघडा म्हणून दाखवली, पाढे म्हणावेत तशी. “अगं, हस की थोडी,” बाई म्हणाल्या. चिमणी “हा हा” म्हणाली. दोघींनाही ते पटलं नाही.

“आधी काय झालं होतं ते तरी ऐकू या,” म्हणत बाईंनी संगणकावर जुनी गोष्ट लावली. इकडचं रेकॉर्डिंग बंद करायला त्यांचं बोट पुढे गेलं आणि थबकलं. राहू दे, त्यांना वाटलं.

चिमणी स्वतःचाच तो शहाणा आवाज ऐकत बसली. गॅलरीचं दार बंद झालं तशी ती खुर्चीत सावरून बसली. नाच जवळ आला आणि तीच मध्ये बोलली, “आता बघ हां आई, आता मी... थांब, थांब...” आणि ती जी सुटली! खुर्ची करकरली. बाई “अगं, नाक पूस आधी” म्हणायला गेल्या आणि त्यांचंच हसू नाकातून फुर्रकन बाहेर पडलं. दोघी पोट धरून हसल्या.

बाईंनी ते सगळं जसंच्या तसं चढवलं, करकरीसकट आणि स्वतःच्या फुर्रसकट. हात शिवशिवत होते, पण एक कणही कापला नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी धापा टाकत वर्गाच्या दाराशी आली. फोन चालूच होता, आईचा आवाज मोठ्याने येत होता. “बाई, जेवणाच्या खोलीत सगळ्यांना ऐकवलं मी. कप्तानापासून इंजिनवाल्यांपर्यंत सगळे होते. आपल्या बोलण्यातला एक शब्द कळत नाही हो त्यांना. पण ही हसायला लागली आणि सगळे हसायला लागले. मी एकटी तेवढी...” आणि फोनमधून हुंदकाच ऐकू आला.

चिमणी बाकावरून उठली, मावशीच्या हातातून फोन ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी तोंडाशी धरला.

“अगं आई, रडतेस काय? ती हसायची गोष्ट आहे! थांब, तुला पुन्हा सांगते.”