तिसरी तार

टेबलावर नऊ वस्तू होत्या. नम्रता मॅडमचा हेडफोन, दोन नव्या पिना, पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, डाखाच्या तारेचं वेटोळं, राळेची डबी, ब्लेड, चिमटा आणि मल्टिमीटर. दोन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. चार वाजता यादी ऑफिसात जाणार होती.

यादीत सहा नावं होती. कुंभिवलीच्या त्या कारखान्यात पत्र्याचे भाग ठोकून काढत. कंत्राटावरचे सहा जण यंदा कायम होणार होते आणि आता फक्त कानांची तपासणी उरली होती. हेडफोन लावायचा, सूर ऐकू आला की बटण दाबायचं. ज्याला ऐकायला आवाज जास्त वाढवावा लागेल, त्याचा आकडा मोठा. दोन्ही कानांचा आकडा चाळीस डेसिबल किंवा त्याखाली हवा. एक जरी कान वर गेला, तरी नाव कटलं.

रूपेश मेंटेनन्सला होता, सात वर्षं, कंत्राटावरच; त्या सहांत त्याचंही नाव होतं. सकाळी त्याचे आकडे आले होते ते असे: डावा वीस, उजवा वीस.

तो कागद त्याने दोनदा वाचला होता. कारण दोन वर्षांपूर्वी कॉम्प्रेसरचा पाइप त्याच्या डाव्या कानाशीच फुटला होता, आणि त्या दिवसापासून तो कान गेल्यात जमा होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. फोन उजव्या कानाला. साहेबांशी बोलताना उजवी बाजू पुढे. घरी कडावच्या वाडीवरसुद्धा फक्त बायकोला ठाऊक. मग वीस आले कुठून? त्याने स्वतःची समजूत घातली होती, की कान आपोआप बरा झाला असेल.

सहा जणांचं आटोपल्यावर बाकीच्या कामगारांची तपासणी सुरू झाली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर हेडफोन खरखरायला लागला. म्हणून नम्रता तो घेऊन मेंटेनन्सच्या खोलीत आली होती. भिसेगावची मुलगी, फिजिक्समध्ये बीएस्सी झालेली, तपासणीच्या गाडीवर नोकरीला लागून तीन महिने झालेले.

"परवाच कर्जतला मार्केटमध्ये पिन बदलून घेतली हो," ती म्हणाली. "त्याने माझ्यासमोर गाणं लावून दाखवलं. दोन्हीकडे वाजत होतं."

"मार्केटमधी असंच करतात. दोन्ही कानांत वाजलं की पैशे," रूपेश म्हणाला आणि त्याने मीटरचे दोन टोचे पिनेला लावले.

पिनेच्या टोकावर डाव्या कानाची तार येते, मधल्या कड्यावर उजव्याची, आणि मागच्या जाड भागावर तिसरी, दोघांचा आवाज परत नेणारी. टोक आणि मागचा भाग यांच्यात बत्तीस ओहम यायला हवे होते. मीटरवर काहीच आलं नाही. कडं आणि मागचा भाग, तिथेही काही नाही. टोक आणि कडं, तिथे चौसष्ट.

त्याचा हात थांबला.

तिसरी तार लागलेलीच नव्हती. परतीचा रस्ता बंद म्हणून डाव्या कानाचा सूर उजव्या कानातून फिरून परत जात होता. म्हणजे नम्रता डाव्या कानात सूर सोडत होती, तेव्हा तो दोन्हीकडे वाजत होता, प्रत्येकी निम्म्या जोराने. सकाळी रूपेशने दोन्ही वेळा उजव्या कानानेच ऐकलं होतं.

"काय झालं?" नम्रताने विचारलं.

"काय नाय. पिन सैल हाय."

त्याने पिन कापली, ब्लेडने हेडफोनच्या दोरीचं साल काढलं. आत तीन तारा, केसासारख्या. हिरवी, लाल, आणि तिसरी तांब्याच्या रंगाची. तिसरी दिसायला उघडी, पण तिच्यावरही पारदर्शक लाखेचा थर असतो. तो जाळल्याशिवाय डाख धरत नाही. मार्केटवाला इथेच फसला होता. उघडी आहे समजून त्याने तशीच चिकटवली होती.

आयर्न तापलं. रूपेशने हिरवी तार राळेत धरून टोक टेकवलं. धूर निघाला, लाख जळाली, तार चांदीसारखी चमकली. मग लाल. तिसरी तार चिमट्यात धरली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

दारात सुनंदा येऊन उभी होती. प्रेस शॉपमध्ये अकरा वर्षं काम करणारी, पलीकडच्या वाडीची. यादीत तिचंही नाव होतं. सकाळी तिला दोन्ही कानांत पंचेचाळीस आले होते.

"काय रं रूपेश, तारंकडं बघत काय बसलास? भाकर नाय खाल्ली?"

"तू जा गं सुनंदाताय. कामात हाय मी."

"जाते की. मला कुठं तिकडं काम ठेवलंय आता." तिने पदराने कपाळ पुसलं. "पाचानं गेलं बघ. पाचच. पंधरा मिनिटं उशीर झाला तर साहेब माफ करतो, हे पाच काय माफ होत नाय."

नम्रता खाली बघत म्हणाली, "मावशी, माझ्या हातात नाही ते. मशीन जे सांगतं ते मी लिहिते."

निम्म्या जोराने. रूपेशच्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. आवाज निम्मा झाला की आकडा पाच-सहाने वाढतो. सुनंदाचे पाच तिच्या कानांचे नव्हतेच, ते या तारेचे होते. आणि त्याचे वीसही.

त्याने तिसरी तार न जाळता तशीच पिनेच्या मागच्या भागावर ठेवली आणि वर डाखाचा थेंब सोडला. थेंब गोल, चकचकीत बसला. बघणाऱ्याला वाटावं, पक्कं काम. झाकण फिरवून त्याने हेडफोन पुढे केला. तीन वाजून सात मिनिटं.

नम्रताने त्याचाच जुना फोन घेऊन पिन खुपसली आणि गाणं लावलं. "वाजतंय. दोन्हीकडे वाजतंय." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पण गाणाऱ्याचा आवाज कुठे गेला? नुसते ढोलकी आणि पेटी. तुमचा फोन बिघडलाय का?"

तिसरी तार तुटली की दोन्हीकडे सारखा असलेला आवाज एकमेकांना खातो, हे रूपेशला ठाऊक होतं. "जुना हाय," तो म्हणाला.

"असू दे. खरखर गेली ना, बास." ती दोरी गुंडाळायला लागली.

तेवढ्यात यादी पाठवणारे किरण साहेब दारातून डोकावले. "झालं का? मॅडम, सहा जणांचे कागद देऊन टाका. चार कशाला, आत्ताच पाठवतो. सुनंदा, तू घरी गेलीस तरी चालेल."

"हा, जाते," सुनंदा म्हणाली. हलली मात्र नाही. कमरेला खोचलेली डब्याची पिशवी तिने काढली, पुन्हा खोचली. मग रूपेशकडे वळून, नेहमी चिडवायची तसंच म्हणाली, "येते रं. कुठल्या कानात सांगू, डाव्या का उजव्या?"

तिला माहीत होतं तर. कधीपासून, कोण जाणे. सकाळी त्याचे वीस ऐकूनही ती एका शब्दाने बोलली नव्हती.

"मॅडम, द्या इकडं तो," रूपेश म्हणाला.

"का? झालंय की."

"नाय झालं. तिसरी तार लागली नाय. मी लावली नाय." नम्रताच्या हातातून हेडफोन घेताना त्याने साहेबांकडे बघितलं नाही. "सकाळपासून नाय लागलेली. सहाही जणांचं चुकलंय. कागद धाडू नका."

"अरे, चार वाजता..." किरण साहेबांनी सुरुवात केली.

"सहा जणांना किती लागतील?" नम्रताने त्यांना मध्येच तोडलं, पण विचारलं स्वतःलाच. "नुसता चार हजार हर्ट्झचा सूर घेतला तर माणशी चार मिनिटं." तिचा चेहरा उतरला होता. सकाळचे सहा कागद तिने पसरले. सहाही जणांचे डावे-उजवे आकडे हुबेहूब सारखे होते. "हे मला दिसायला हवं होतं," ती हळूच म्हणाली.

रूपेशने थेंब वितळवून तार सोडवली. राळेत बुडवून आयर्न टेकवलं आणि या वेळी धूर निघेपर्यंत थांबला. तार चमकली. त्याने ती पिनेला लावली, फुंकर न घालता थंड होऊ दिली. टोक आणि मागचा भाग: बत्तीस. कडं आणि मागचा भाग: बत्तीस. मीटरवरचे आकडे नम्रताने स्वतः वाचले. तीन वाजून एकवीस मिनिटं.

"पयली सुनंदाताय," तो म्हणाला.

ती बसली. डावा चाळीस, उजवा चाळीस. उठताना ती काहीतरी बोलली, पण ती त्याच्या डाव्या बाजूला होती आणि त्याने मान वळवली नाही.

मग आणखी चौघे झाले. शेवटी रूपेश खुर्चीत बसला. नम्रताने हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला, बटण हातात दिलं आणि विचारलं, "तयार?"

त्याने मान हलवली.

उजवा आधी झाला. मग डावा. रूपेशने डोळे मिटले, अंगठा बटणावर ठेवला. आत शांत होतं. प्रेस शॉपचे ठोके खुर्चीच्या पायांतून वर येत होते, तेवढेच. तो वाट बघत राहिला. नम्रताचा हात गोल बटणावर एकेक घर पुढे सरकत होता. बऱ्याच वेळाने, फार लांबून आल्यासारखा, एक बारीक सूर लागला. त्याने अंगठा दाबला. तिने आवाज कमी केला, पुन्हा वाढवला, पुन्हा त्याच घरावर त्याने दाबलं. तिसऱ्यांदाही तिथेच.

तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी तिने कागदावर लिहिलं: चार हजार हर्ट्झ. उजवा कान, पंधरा डेसिबल. डावा कान, साठ डेसिबल.