फाईलीतला तिचा जबाब

तोफखान्यात त्याला सगळे खांब म्हणत. उंची, ताठ मान आणि काहीही विचारलं तरी एकच उत्तर, ठीक आहे. तोफ ओढणारी गाडी चढावर उलटली आणि त्याचा मणका दोन ठिकाणी मोडला, तेव्हा स्ट्रेचरवरूनही त्याने तेच सांगितलं होतं. पलटणीत जो आजारी म्हणून नाव द्यायचा तो कामचुकार ठरायचा. नोकरी सुटली, ती सवय सुटली नाही.

घरी मात्र या खांबाला रोज सकाळी उभं करावं लागे. बायको त्याच्या काखेत हात घालायची, "हं, आता" म्हणायची आणि दोघं मिळून त्याला पलंगावरून उठवायची. पायमोजे, पॅन्ट, अंघोळ, सगळं तिच्याकडे. अशी सोळा वर्षं गेली. शेजारी म्हणायचे, काय तब्येत राखलीय यांनी. ती म्हणायची, राखायला माणूस ठेवलंय ना.

अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज करा म्हणून तीच त्याच्या मागे लागली होती. शेवटी तो कंटाळून तयार झाला. पण मेडिकल बोर्डापुढे जायचं म्हणजे परेडला जायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं. दुखण्याच्या दोन गोळ्या जास्तीच्या घेतल्या, तिच्याकडून बूट चमकवून घेतले, पदकं लावली आणि तीन डॉक्टरांपुढे ताठ उभा राहिला. त्रास काय होतो? विशेष काही नाही. वाकता येतं? येतं. दात आवळून वाकूनही दाखवलं. मग मधल्या डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यात बसलेल्या बायकोला विचारलं, यांना घरी उठायबसायला मदत लागते का? तिने तोंड उघडलं आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

ते लिहून घेतलं, खाली तिची सही घेतली. महिन्याभराने अर्ज नामंजूर झाल्याचं पत्र आलं. ती त्याला म्हणाली, मग उद्यापासून पायमोजे तुमचे तुम्हीच घाला. दुसऱ्या दिवशी तिनेच घातले.

पुढे तिला धाप लागायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलं, वजन उचलायचं नाही. घरी काही जड उचलावं लागतं का, असंही विचारलं. तो शेजारच्याच खुर्चीत होता. ती याही वेळी नाही म्हणाली आणि तो गप्प बसला. घरी येताना एवढंच म्हणाला की, मी एखादा माणूस बघतो. बघितला नाही. परक्या माणसाने आपल्याला उचलायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना. अकरा महिन्यांनी ती स्वयंपाकघरात कोसळली ती गेलीच.

मागे तो पलंगाला बांधलेल्या दोराला धरून एकटाच कसाबसा उठायचा आणि खर्चाचं लेक बघायची. अपील करायला लावलं ते तिनेच. त्याच्या पलटणीतला कारकून आता माजी सैनिकांच्या संघटनेत अर्ज भरून द्यायचा. त्याने जुन्या इस्पितळाचे कागद, अपघाताचा अहवाल, नवे फोटो, गाडीखालून ओढून काढणाऱ्या दोघांची पत्रं, सगळं जमवलं. मग बायकोचा जबाब काढून टेबलावर ठेवला.

"हा एकच कागद आडवा येतोय. सांग की वहिनींना प्रश्न कळला नाही. बाईमाणूस, साहेबलोकांपुढे गांगरल्या. लगेच मान्य करतील, रोज होतं असं."

"ती गांगरणाऱ्यातली नव्हती."

"मला माहीत नाही होय? माझी तर भर पंगतीत जिरवली होती त्यांनी. पण आता त्या काही हरकत घ्यायला येणार नाहीत ना."

कारकुनाचं म्हणणं खोटं नव्हतं. तिने हरकत कधीच घेतली नव्हती, आता कुठून घेणार? तो दोन दिवस घरात जेवणाची ताटली समोर घेऊन बसला. पेन्शन हवी होती. लेकीवर भार टाकून किती दिवस काढणार? आणि एक वाक्य बोललं की काम होत होतं.

तिसऱ्या दिवशी तो बोर्डापुढे गेला, तो कारकुनाच्या खांद्यावर हात ठेवून. गोळी घेतली नव्हती. वाकता येतं का, विचारल्यावर येत नाही म्हणाला. तेवढं म्हणतानाही कान तापले. मग अध्यक्षांनी जबाबाचं विचारलं. मागून कारकून खाकरला.

"साहेब, तिला प्रश्न बरोबर कळला होता. खरं तिच्या ओठांवर आलं होतं. मी तिच्याकडे पाहिलं म्हणून ती नाही म्हणाली. खोटं माझं आहे. सही तेवढी तिची."

अध्यक्षांनी सावकाश लिहून घेतलं. बाहेर आल्यावर कारकून म्हणाला, केलेल्या कामावर बोळा फिरवलास, शाब्बास.

पण दीड महिन्याने मंजुरी आली. पेन्शन आली, वर घरी मदतनीस ठेवायचा भत्ताही. अर्जदार स्वतःचा कमीपणा सांगतो आहे, त्यामुळे त्याचं म्हणणं विश्वास ठेवण्याजोगं वाटतं, असा शेरा होता. कारकुनाने फोनवर अभिनंदन केलं. तो ठीक आहे म्हणाला आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या पत्राकडे बघायची त्याला लाज वाटत राहिली.

रविवारी लेक आली ती खुशीत होती. आईला किती बरं वाटलं असतं, म्हणाली. मदतनिसाचा फॉर्म भरायला बसली. मदत केव्हापासून लागते, या रकान्यात ती मंजुरीची तारीख घालणार, तेवढ्यात तो म्हणाला, अपघाताची तारीख लिही. आणि मग तिला सगळं सांगितलं. बोर्डातलं सांगितलं आणि हृदयाच्या डॉक्टरांकडचंही.

लेकीने पेन खाली ठेवलं.

"उचलायचं नाही म्हणाले होते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी तिनेच उठवलं मला. रोज तिनेच उठवलं."

 तिने पेन उचलून रकान्यात अपघाताची तारीख लिहिली, फॉर्म पर्समध्ये घातला. पुढच्या रविवारी जमायचं नाही बाबा, म्हणाली, पण फॉर्म उद्याच देते. तो बरं म्हणाला. तिला दारापर्यंत पोचवायला निघाला आणि खुर्चीतून निम्मा उठून अडकला. ना वर, ना खाली.

लेक दारातून परत आली. पर्स जमिनीवर ठेवली, त्याच्या काखेत हात घातला, त्याला उभं केलं आणि निघून गेली.