कोकिळाच्या लेकीचं पाणी

मी तांब्या बोलतोय. शिरपूरच्या एका छोट्या चर्चमधला, बाप्तिस्म्याच्या पाण्याचा. वेदीशेजारी स्टुलावर असतो. पण हल्ली मला एका जागी चैन पडत नाही.

धुळ्याच्या उमरभाईंनी मला ठोकून ठोकून घडवलं. आमच्याच मंडळीतल्या नवलच्या आजोबांनी विकत घेऊन चर्चला दिलं. तेव्हापासून मी लहानग्यांच्या कपाळावर पाणी ओततोय. बाळ भोकाड पसरतं, मंडळी हसते, बाप फोटो काढायच्या नादात प्रार्थना विसरतो. मला ते सगळं आवडायचं.

मग नवलच्या बायकोला, कोकिळाला, मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच. ओंजळीत मावेल एवढी. बाळंतपणासाठी कोकिळाची आई यशोदाबाई गावाहून आली होती. शेतकरी घरातली, हिंदू बाई. एका रविवारी तीही जावयासोबत चर्चला आली.

त्या दिवशी चर्चचे धर्मगुरू, मगन पाळक, सांगत होते, "प्रत्येक लेकरू आदामापासून चालत आलेलं मूळ पाप घेऊन जन्माला येतं. बाप्तिस्म्यानं ते धुतलं जातं."

उपासना सुटली तशी यशोदाबाईनं त्यांना दारातच गाठलं.

"पाळकभाऊ, आमनी पोर मूळवर नही शे! मी पंचांग दखाडी लिधं."

पाळकांना आधी कळेचना. मग त्यांना हसू आलं. "अक्का, ते मूळ नक्षत्र नाही हो. हे वेगळं."

"मंग काय शे? इतलुशी पोर, तिनं काय पाप करं?"

"सांगेन एकदा निवांत," म्हणत पाळकांनी गाडीला किक मारली. नरडाण्याला प्रार्थनासभा होती.

यशोदाबाईनं घरी जाऊन लेकीला काय सांगितलं असेल, ते मी ऐकलं नाही. पण दुसऱ्याच दिवशी कोकिळा नवलला घेऊन चर्चमध्ये आली आणि त्याच्या मागे लागली, "पाळकांना सांगा, बाप्तिस्मा आजच उरकून टाकू."

"अगं, मामा पाचोऱ्याहून यायचेत. जेवण ठेवायचंय. येत्या रविवारी करू ना."

"तोवर तिला काही झालं तर?"

"काहीतरीच बोलतेस!"

बुधवारी दुपारी नवल चर्चमध्ये धावत आला. पायात चप्पल नव्हती. बाळाचा श्वास अडकत होता, दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली होती. पाळकांनी मला भरलं आणि नवलच्या मागे मोटरसायकलवर बसले. वाटभर मी हिंदकळत होतो. माझं तोंड त्यांनी तळहातानं दाबून धरलं होतं, तरी पाणी त्यांच्या बाहीत शिरत होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा गाडी दारात उभी होती आणि तिची गरज उरली नव्हती.

कोकिळा रडत नव्हती. बाळ मांडीवर घेऊन म्हणाली, "टाका पाणी."

"कोकिळा, बाप्तिस्मा जिवंत माणसाला..."

"मग सांगा, माझी लेक कुठे गेली?"

"प्रभूकडे."

"पाप घेऊन?"

पाळक खाली बसले. "येशूनं लेकरांना जवळ घेतलं, तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं, तुझा बाप्तिस्मा झालाय का म्हणून."

"हे रविवारी का नाही सांगितलं?"

"नाही सांगितलं," ते म्हणाले.

तेवढ्यात यशोदाबाईनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"थांबा. पोरले आंघोळ घालनी शे. पानी थंडं शे, गारठी जाई ती."

तिनं मला गॅसवर ठेवलं. कोपर बुडवून ऊब पाहिली. मग त्याच पाण्यानं तिनं नातीला न्हाऊ घातलं. पाळक उभे राहिले, डोकं झुकवून. कुणीच कुणाला अडवलं नाही.

माझं बूड काळं पडलंय. पाळक ते घासू देत नाहीत. कोकिळा अजून चर्चला येते, दुसऱ्याच्या बाळावर पाणी पडताना पदर मुठीत आवळते. त्या दुपारचं उत्तर तिला पुरलं का, मला माहीत नाही. मला तरी पुरलेलं नाही.

मी साधा तांब्या. धर्माचं मला काय कळणार? एवढंच मागतो: पाळकहो, मला उचलून मूळ पापाचं सांगायला लागाल, तेव्हा लेकरांवरची प्रभूची मायाही त्याच दमात सांगा. निवांतपणाची वाट बघू नका.