राखीव गडी

दौलत आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो, आणि घास तोंडात असताना माणसाला 'तुम्ही म्हातारे झालात' हे ऐकवायची त्याची तऱ्हा मला अजिबात आवडली नाही. दौलत आमच्या कोन गावच्या कबड्डी संघाचा कप्तान. पोरगा चांगला, पण तोंडाला लगाम नाही.

"राघोदादा, तुमी नुसतं बसून ऱ्हायचं," तो म्हणाला. "डाव्या कोपऱ्याचा गडी हात मोडून घरी पडलाय, त्याच्या बाजूचा कंपनीत लागला. सेमीफायनल तोंडावर आली. पोरांच्या मागं कोनी तरी हवा ना?"

"म्हंजे खेलवनार न्हायस."

"वेल आली तर खेलवीन. पन न्हाय आली तर बरं."

चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा असा मान राखतात आजकाल. मी त्याला दाराची वाट दाखवणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "बाळारामदादाला पन घेतलाय. अंजूरला जाऊन इचारून आलो. तो तयार हाय."

मी घास गिळला आणि हो म्हणालो.

बाळाराम म्हणजे माझा मेहुणा, पण त्याआधी माझा जोडीदार. डाव्या कोपऱ्यावर मी, माझ्या उजव्या अंगाला तो. माझा उजवा हात त्याच्या डाव्या हातात, अशी आमची साखळी. चढाईवाला आत शिरला की बोलायला वेळ नसतो, म्हणून आमचं सगळं बोलणं हातातून चालायचं. दोनदा दाबलं की थांब, एकदा दाबलं की पड त्याच्यावर. त्याची बहीण मैना माझ्या घरात आली तेव्हा लोक थट्टा करायचे, की राघोने बहिणीशी लग्न केलं ते भावाचा हात सुटू नये म्हणून. मैना पण हसायची.

मैना तापाने गेली त्या दिवशी आम्ही दोघं कल्याणला खेळत होतो. सकाळी ताप होता, पण कबड्डीच्या दिवशी मला कुणाचा ताप दिसत नसे. सामना संपल्यावर बाळारामने सांगितलं, निरोप आलाय, चल. मिळेल त्या ट्रकने आलो. दारात शेजारच्या आनंदीबाई उभ्या होत्या. म्हणाल्या, आत्ताच गेली रे, आत्तापर्यंत तुझ्याच वाटेकडे डोळे होते.

बाराव्यानंतर बाळारामने माझ्या घरी पाऊल टाकलं नाही. सासऱ्याची शेती बघायला म्हणून अंजूरला गेला तो तिकडचाच झाला. भिवंडीच्या बाजारात समोर दिसलो तर रस्ता बदलायचा. चुकून गाठ पडलीच तर शेजारच्या माणसाला म्हणायचा, 'त्याला विचार, बरा हाय ना.' मी त्याच माणसाला सांगायचो, 'त्याला सांग, बरा हाय.' त्याचं काय चुकलं? तापलेल्या बहिणीला टाकून नवरा खेळायला गेला, तर भाऊ कशाला तोंड बघेल? असं मी सहा वर्षं स्वतःला समजावत होतो. कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं ऐकू येत नाही, आणि शिफ्ट संपवून घरी आलो की ऐकायला कुणी नाही. भांडायला सुद्धा माणूस लागतो. मला कप बिप काही नको होता. बाळाराम एकदा माझ्याशी बोलावा, शिव्या देऊन का होईना, एवढंच मनात होतं.

शुक्रवारी लूम बंद, म्हणून सामना टेमघरच्या मैदानात शुक्रवारी दुपारी. आम्ही दोघं राखीव गडी बाकाच्या दोन टोकांना बसलो. मधे पोरांचे कपडे आणि पाण्याची कळशी. त्याचे केस पार पांढरे झाले होते. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

पोरं पहिल्या डावात बरी खेळली. दुसऱ्या डावात डाव्या बाजूला नुसती गळती लागली. समोरचा चढाईवाला उंच, लांब पायाचा, दर वेळी तिथूनच गडी मारून जायचा. शेवटी दौलतने आमच्याकडे पाहिलं. नाइलाज झालेला माणूस कसा दिसतो ते मला तेव्हा कळलं.

आम्ही उतरलो. लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "आजोबा, सांभालून." मी कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो, उजवा हात पुढे केला, आणि बाळारामने तो धरला.

आता हे सांगताना लाज वाटत नाही. मैनाला पोचवून आल्यापासून माझा हात असा कुणी धरला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि समोरचा गडी नीट दिसेना. पण हाताला सगळं आठवत होतं. दोनदा दाबलं, मी थांबलो. एकदा दाबलं, दोघं मिळून त्याच्या पायावर पडलो. हसणारे गप्प झाले. पुढच्या चढाईला पुन्हा तेच. माझे गुडघे बोंबलत होते, पण मला इतका आनंद गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

शेवटच्या चढाईपुरता वेळ उरला होता. आमच्याकडे एका गुणाची आघाडी. पंचांचं काहीतरी बोलणं चाललं होतं म्हणून खेळ थांबला, तरी बाळारामने हात सोडला नव्हता. मला धीर आला.

"बाळाराम," मी म्हणालो, "सामना झाला का घरी चल. भात टाकतो."

तो समोर बघतच म्हणाला, "कल्यानचा निरोप हाफटाइमला आलता."

मला कळेना.

"मैनाचा. ट्रकवाल्यानं माज्याजवल सांगितला, लई झालंय, लगेच निघा म्हनून. आपन दोन गुनांनी मागं होतो. मला वाटलं, एक डाव तर हाय. खेल संपल्यावर तुला सांगितलं." त्याचा हात घामाने ओला झाला होता. "दुसरीकडं कुटं सांगाय गेलो असतो तर पलालो असतो, राघो. हात धरलेला असला का पलता येत न्हाय."

मी हात ओढून घेतला. सहा वर्षं मला वाटत होतं, हा मला दोषी धरतोय, आणि तो स्वतःचं तोंड लपवत होता. ते सगळं मी एकट्याने छातीवर घेऊन झोपत होतो आणि त्यातला अर्धा वाटा याचा होता. एवढं तरी सांगायचंस रे. त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटलं, आणि त्याच वेळी मोठ्याने रडावंसं वाटलं. दोन्ही करायला जागा नव्हती. शिट्टी वाजली आणि तो उंच गडी आमच्या अंगावर आला.

बाळारामचा हात हवेत तसाच उघडा होता. मी धरला. चढाई आली होती, दुसरं काय करणार?

दोनदा दाबलं. चढाईवाला आत आला, पाय टाकून पाहिला, मागे सरला, पुन्हा आला. मी थांबलो. मग एकदा दाबलं. आम्ही जिंकलो.

पोरं नाचली, आम्हाला खांद्यावर घ्यायला आली आणि वजन बघून नाद सोडला. बाळाराम माझ्यापासून दोन हातांच्या अंतरावर अंगाची माती झटकत उभा होता. मी काहीतरी बोलेन म्हणून थांबला होता, ते मला कळत होतं. सहा वर्षं याच्यासाठी साठवून ठेवलेलं बोलणं होतं माझ्याजवळ. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं.

दौलत धावत येऊन आमच्या मधे उभा राहिला. "फायनल पुढच्या शुक्रवारी. दोघं पयल्यापासून उतरायचं. राखीव बिखीव काय न्हाय."

"मी न्हाय येत," बाळाराम म्हणाला. "माज्या जागी दुसरा घे."

चालायला लागेल असं वाटलं तो. अंजूरला जाईल, बाजारात पुन्हा रस्ता बदलेल, आणि आता मलाही त्याचं कारण माहीत असेल. त्याच्याशी बोलायला तोंड उघडेना. मग दौलतकडे बघून म्हणालो, "त्याला सांग, यावंच लागंल. मी त्याला माफ बिफ काय केला न्हाय. पन माजा हात दुसऱ्या कोनाला धरता येत न्हाय."

दौलतला यातलं काय कळणार? तो वळला आणि दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या बाळारामला त्याने खरंच सगळं सांगितलं.