गंगुबाईच्या राखणीतली गाठोडी

खोपटच्या एसटी डेपोच्या भिंतीला लागून गंगुबाईचं बिऱ्हाड होतं. बिऱ्हाड म्हणजे एक ताडपत्री, तीन विटा आणि ती स्वतः. पण त्या फुटपाथवर तिचा मान मोठा. सकाळी कामाला निघताना हमाल, भंगार वेचणाऱ्या बाया, लग्नात वाढपी म्हणून जाणारी पोरं आपापलं गाठोडं तिच्यापुढे टाकत. दिवसभर ती राखण करी. बदल्यात संध्याकाळी एक कटिंग चहा. तिचा कायदा एकच होता, दुसऱ्याची गाठ सोडायची नाही. आत सोनं असो नाहीतर चिंध्या.

करोना आला आणि एसटी थांबली, टपऱ्या मिटल्या. कामाला गेलेले काहीजण तिकडेच अडकले, काहींनी परस्पर गावची वाट धरली. गाठोडी राहिली गंगुबाईकडे. पोलिसांची जीप भोंग्यावरून सांगत फिरायची, "घरातच राहा!"

"राहते की," गंगुबाई म्हणायची. "पत्ता तेवढा सांग."

अशात हमाल जगन तापाने फणफणला. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढवताना खोकत खोकत एवढंच म्हणाला, "मावशे, माझं बघ गं." ती म्हणाली, "बघते. तू नीट ये."

त्यानंतर पालिकेचा ट्रक आला. उघड्यावरच्या सगळ्यांना शाळेत ठेवणार होते, दोन वेळचं जेवणही होतं. बरोबर आलेल्या सुदेश हवालदाराने सांगून टाकलं, "माणशी एकच पिशवी. जागा नाहीये."

"माझ्याकडे लोकांची आहेत."

"लोकांची इथेच ठेवा, मावशी. कोण नेतंय आता?"

"कचऱ्याची गाडी नेईल. मग मी काय सांगू त्यांना? नाही येत मी, जा."

गंगुबाई विटेवर फतकल मारून बसली. हवालदाराने कपाळाला हात लावला.

ट्रकमध्ये माणसं एकमेकांपासून अंग चोरून बसली होती. दिवसच तसे होते. चार भिंतींतले लोक दुधाची पिशवीसुद्धा धुऊन घेत. इथे तर कोणाकोणाची मळकी गाठोडी. पहिला उतरला कमलेश, वाढपी पोरगा. थंडीत त्याने कुणाच्या तरी गाठोड्यातली चादर मागितली होती आणि गंगुबाईने त्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला होता.

"दे इकडे एक," तो म्हणाला. "माझ्याकडे कुठे पिशवी आहे? मी आपला रिकाम्या हाताचा."

"गाठ सोडशील, मेल्या!"

"अगं, नाय सोडणार. तुझी शिवी अजून कानात वाजतेय."

मग रंभा भंगारवाली उतरली. तिच्या मागून आणखी कोणी कोणी. ज्याच्याजवळ काही नव्हतं त्याने एकेक गाठोडं उचललं आणि तान्ह्या पोरासारखं मांडीवर घेऊन बसला.

खाली दोन उरली. एक गंगुबाईचं आणि एक जगनचं. जगनच्याला कुणी हात लावेना, आणि त्यात कुणाची चूकही नव्हती.

गंगुबाईने आपल्या गाठोड्याकडे पाहिलं. दोन लुगडी, एक पितळी फुलपात्र आणि मेलेल्या नवऱ्याचा स्वेटर. नवरा नालायक होता, पण स्वेटर चांगला होता. तिने ते भिंतीच्या कडेला नीट सरकवलं, जगनचं डोक्यावर घेतलं आणि ट्रकला हाक मारली, "हात दे रे कुणीतरी! गुडघे काय सरकारचे आहेत माझे?"

शाळेत डास भयंकर. ती अंगावरच्या लुगड्याचा पदर ओढून नुसत्या फरशीवर झोपायची. उशाला जगनचं गाठोडं. आत जाड चादर आहे, हे वरून चाचपूनच कळत होतं. रंभा म्हणायची, "काढ ना ती, कोण बघतंय?" गंगुबाई कूस बदलायची.

आणि एका दुपारी शाळेच्या फाटकातून जगन आत आला. गालफडं बसलेली, सदरा खांद्यावरून घसरत होता. गाठोडं पाहिलं, गाठीवर बोट फिरवलं आणि मग इकडेतिकडे बघू लागला.

"मावशे, तुझं कुठाय?"

"ठेवलंय एकाकडे."

कमलेश लांबून ओरडला, "डेपोच्या भिंतीकडे ठेवलंय तिने! तुझं आणलं ना!"

जगन खाली बसला. त्याच्या बोटांना गाठ सुटेना, पण गंगुबाईने हात पुढे केला नाही. अखेर सुटली. चादर काढून त्याने तिच्या अंगावर टाकली.

"किती कटिंग झाले गं तुझे?"

"मोजतंय कोण?" चादर नाकापर्यंत ओढत गंगुबाई म्हणाली. "टपऱ्या तर उघडू देत."